चौथं तिकीट एलियाहूचं

विमानात बसवायच्या आधी बाईमाणसाला काट्यावर उभं करतात, हे मला पनवेलात एकानंही सांगितलं नव्हतं. बाकी सगळं सांगितलं होतं. शेजारच्या रंभाबाईंनी सांगितलं, की वर गेल्यावर कान फुटतात, म्हणून कापूस घेऊन जा. समोरच्या ओटीवरचे महादेवराव म्हणाले, विमानात मधोमध बसायचं, म्हणजे ते कलत नाही. महादेवरावांनी विमान पाहिलं होतं ते खालून, तेही चष्म्याशिवाय. पण काट्याचं कुणी बोललं नाही. सांताक्रूझच्या त्या हॉलात, शंभर अनोळखी पुरुषांसमोर, टाय लावलेल्या एका माणसानं मला भाताच्या पोत्यासारखं काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्यानं वाचला. तो आकडा मी सांगणार नाही. लाकडाच्या वखारीत शोभला असता इतकंच सांगते.

आता ऐका, मी तिथपर्यंत पोचले कशी.

बावन्न साल. माझी लेक तमार तिकडे कच्छात होती, कांडल्याला. नवं बंदर बांधत होते, आणि जावई एझरा तिथे नकाशे काढायच्या कामावर होता. सोमवारी सकाळी तार आली. मुलगा झाला! मी तार घेऊन अंगणात एक गिरकी घेतली. मग आमच्या ह्यांनी, म्हणजे मनासेंनी, तार पुढे वाचली आणि मी होते तिथेच बसले. तार आमच्या पोस्टात तीन दिवस आराम करून आली होती. मिला गुरुवारी.

मिला म्हणजे बाळाची सुंता. आम्हा बेने इस्राएल लोकांत ती आठव्या दिवशी होते म्हणजे होतेच. राजा असो नाहीतर रंक, दिवस पुढे ढकलता येत नाही. कांडल्याला तेव्हा ते करणारं कुणी नव्हतं. अहमदाबादचे हजान, म्हणजे आमचे धर्मविधी करणारे, यायचे होते, तर ते घसरून पडले आणि पाय गळ्यात बांधून बसले. पाय गळ्यात कसा बांधतात ते मला विचारू नका, तारेत पाय मोडला एवढंच होतं. शेवटी लिहिलं होतं, ‘सॉलोमन हजानांना आणा. आई हवी.’

‘आई हवी’ हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा. पुढे ह्यांच्या लक्षात राहिले नाहीत.

आगगाडीनं निघालो तर बाळाची मिला संपून त्याच्या लग्नाला पोचलो असतो. आगबोट शनिवारी. राहिलं विमान. आमचे हे मामलेदार कचेरीत कारकून. जन्मात खोटं बोलले नाहीत, ही त्यांची कीर्ती आणि माझं दुर्दैव. ते त्याच सकाळी मुंबईला गेले. पहिल्या मोठ्या कंपनीत भाडं विचारलं आणि खिडकीची चौकट धरून उभे राहिले. आतल्या माणसानं पाणी दिलं. दुसऱ्या कंपनीत भाडं ऐकून पाणी मागायचीही ताकद उरली नाही. तेव्हा विमानकंपन्या खानावळींसारख्या ढिगानं होत्या, सरकारनं अजून एक केल्या नव्हत्या. फिरत फिरत हे एका जिन्याखालच्या कंपनीत पोचले. तिच्याजवळ दोन विमानं होती, त्यांतलं एक दुरुस्तीला. बुधवारी सकाळी जामनगरवरून भुजला जाणारं दुसरं. आणि काय सवलत! चौघांची टोळी असली तर दोघांचं भाडं. अट एकच, चारही जण चढले पाहिजेत. एक जरी कमी झाला तरी सवलत रद्द, उरलेल्यांनी पूर्ण भाडं भरायचं.

आम्ही होतो तिघं. मी, हे, आणि आमच्या पनवेलचे सॉलोमन हजान. ह्यांनी चार जागा धरल्या, चौथं नाव तारेनं कळवतो म्हणाले, आणि हसत घरी आले. कुठलाही पुरुष सवलत मिळवून घरी आला, की मला धडकी भरते.

संध्याकाळी आम्ही मलिदा केला. प्रवासाआधी एलियाहू हन्नाबीच्या नावानं करतो आम्ही. गोड पोहे, खोबरं, फळं, सब्जाची डहाळी. एलियाहू हा आमचा नबी. अडल्यानडलेल्याच्या हाकेला धावणारा. तो अग्निरथातून जिवंत स्वर्गात गेला, आणि जाताना रथाची चाकं कुठे टेकली? आपल्याच अलिबागेजवळच्या खंडाळ्याला. खडकावर खूण आहे. माझ्या आजीनं तर घोड्यांची लीदसुद्धा पाहिली होती. तर सांगायचं काय, विमानं वगैरे आम्हाला नवी नाहीत.

ताट मधे, माणसं भोवती, आणि माझी नणंद बेलावन्सं म्हणाल्या, “चौथी मी.”

ह्यांची थोरली बहीण. नाही म्हणावं तर मरेपर्यंत टोमणे, हो म्हणावं तर बाळाला पहिलं त्याच घेणार, आंघोळ त्याच घालणार, आणि तमार बाळंतपणात नीट कुंथली नाही हेही त्याच सांगणार.

एवढ्यात रंभाबाई मलिद्याचा द्रोण घेऊन म्हणाल्या, “विमान जामनगरला थांबतं ना? मग आमच्या मामंजींना न्या. तिथून द्वारका किती लांब? फुकटच तर आहे.”

“फुकट आहे म्हणून काय म्हाताऱ्याला न्यायचं?” महादेवराव म्हणाले. “माहीतगार माणूस हवा. मी येतो.”

“तुम्ही कसले माहीतगार?” बेलावन्सं.

“बाई, मी पेपर वाचतो.”

“माझा भाऊ, माझी भाची, आणि हे पेपर वाचतात म्हणून जाणार? मनासे, बोल की रे! का बायकोच्या तोंडाकडे बघून बोलणार?”

ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग वन्सं रडायला लागल्या, रंभाबाई म्हणाल्या वीस वर्षांचा शेजार कळला, आणि मलिद्यात माशी पडली. सॉलोमन हजान शांतपणे केळं खात होते. आता भांडण मिटवायचं तर असं नाव हवं, की ज्याच्याशी कुणाला भांडताच येणार नाही. मी पदर खोचला आणि म्हटलं, “चौथा ठरलेला आहे. मिलाला आपण कुणाची खुर्ची मांडतो?”

“एलियाहू हन्नाबीची,” वन्सं नाक पुसत म्हणाल्या.

“त्याला खुर्ची मांडता, मग तिकीट काय रंभाबाईंच्या सासऱ्याला?”

बेलावन्संनी डोक्यावर पदर घेतला. नबीच्या जागेवर हक्क कोण सांगणार? अशी मी! एका वाक्यात घर शांत करून मी पोळ्या लाटायला गेले.

मला काय ठाऊक, की आमचे हे दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन खरोखर तार करून येतील! ‘चौथे प्रवासी ई. हन्नाबी.’ मला कळलं तेव्हा लाटणंच हातातून गळलं.

“अहो, मी तोंड बंद करायला बोलले!”

“तू माणसांसमोर, मलिद्याच्या ताटासमोर बोललीस,” हे म्हणाले. “आणि मिलाला तो येतो हे खोटं आहे का?”

नवरा धार्मिक असावा, पण विमानाच्या तिकिटापर्यंत नसावा.

बसनं मला मुंब्र्याच्या वळणावर उलट्या होतात, म्हणून आम्ही मोऱ्याच्या बंदरावरून लाँचनं निघालो. मोऱ्याला काशिराम कोळी आमची वाट बघत होता. त्याची बायको गुणाबाई पनवेलात मासळी विकायची. तिची माझी वीस वर्षांची दोस्ती, म्हणजे रोजचं भांडण. काशिरामची दाढी छातीपर्यंत. नवी होडी पाण्यात उतरेस्तोवर वस्तरा लावायचा नाही, असा त्याचा एकवीरेला नवस होता, आणि होडीवाला सुतार चौथं वर्ष लाकूडच बघत होता. खाऱ्या वाऱ्यानं दाढी पार पांढरी झालेली. त्यानं आमचे नारळ, पोहे, खारवलेला रावस, सगळं खांद्यावर घेतलं. भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर परत जायचं, तर म्हणाला, “वयनी, मी पन येतंय विमानाच्या आड्ड्यावर. मना जवलून बगाचा हाय. सांजच्या लाँचनं मागारी जाईन.”

म्हटलं चल. सामान तरी उचलेल.

सामानाचं असं, की माणशी ठराविक वजन फुकट. ते कळल्याबरोबर मी डोकं चालवलं होतं. पाच लुगडी एकावर एक नेसले, वर ह्यांची लोकरी बंडी, पोटाशी बाळाची भांडी, आणि पदराखाली सात नारळ. रंभाबाई म्हणाल्या होत्या, “सामान तोलतात, माणूस थोडंच तोलतात!” म्हणून तर त्या काट्यापुढे मी अशी चाट पडले. काट्यावरून उतरताना एक नारळ निसटला आणि गडगडत जाऊन एका साहेबाच्या बुटाला लागला. त्यानं तो उचलून दिला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी नारळ घालणारी कोंबडी असावी.

मग टायवाल्यानं यादी वाचली. “मनासे. शुलामिथ. सॉलोमन. ई. हन्नाबी. ये चौथा कहाँ है?”

हे म्हणाले, “येतील.”

“कब?”

“ते येणारच. पण दिसतील असं सांगता येत नाही.”

टायवाल्यानं पेन्सिल घेतली. “उमर?”

ह्यांनी हजानांकडे पाहिलं. हजान विचार करून म्हणाले, “अडीच हजाराच्या पुढे. नक्की सांगायचं तर पोथी बघावी लागेल.”

“पता?”

“खंडाळा. तालुका अलिबाग.” हे म्हणाले. “म्हणजे शेवटी तिथेच दिसले होते.”

टायवाल्यानं पेन्सिल खाली ठेवली. माणूस भला, आवाज चढवला नाही. म्हणाला, चौथा प्रवासी काट्यावर उभा राहिला नाही तर सवलत नाही. आत्ता पूर्ण भाडं भरा, नाहीतर जागा सोडा, मागे लोक थांबलेत. तोवर कर्ण्यातून हाका सुरू झाल्या. “मिस्टर हन्नाबी! मिस्टर हन्नाबी! भुज!” सगळ्या सांताक्रूझभर नबीच्या नावाचा पुकारा. हजानांनी घाईनं टोपी सारखी केली, न जाणो, खरंच आला तर!

हे मला बाजूला घेऊन गेले. खिशातलं सगळं मोजून झालं होतं. पूर्ण भाड्यात दोघंच जाऊ शकत होते.

“शुलामिथ,” हे हळूच म्हणाले, “हजानांना नेणं तर भाग आहे.”

“भागच आहे.”

“आणि पैशाअडक्याला, वाटेत धावपळीला पुरुष माणूस हवा.”

मला वाटलं, कानांत कापूस आहे म्हणून चुकीचं ऐकू आलं. कापूस काढला. तेच होतं. मला ठेवून जाणार होते! तारेत ‘आई हवी’ होतं, ‘बाबा हवेत’ असं कुठेच नव्हतं. पाच लुगडी मी कुणासाठी नेसले होते? माझी लेक पहिलटकरीण, परमुलखात, आणि मी सात नारळ घेऊन भाऊच्या धक्क्यावर परत? बेलावन्संना काय सांगणार होते? नबीनं माझी जागा घेतली म्हणून?

माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला. आणि त्या अंधारात, काचेच्या दाराशी, विमानाकडे तोंड वासून बघणारा काशिराम दिसला. पाठीमागून ऊन. पांढरी दाढी उजळून निघालेली. मी तुम्हाला शपथेवर सांगते, त्या क्षणी खंडाळ्याचे घोडे मला ऐकू आले.

मी ह्यांचा कोट अंगातून ओढून काढला, धावत जाऊन काशिरामला चढवला, आणि त्याला दंडाला धरून काट्यावर उभा केला. “हे काय! आले!”

काशिराम म्हणाला, “वयनी, यो काटा कसला?”

“गप उभा राहा. विमान आतून बघायचंय ना?”

टायवाल्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं. वर कोट, मधे दाढी, खाली कोळ्याचा रुमाल आणि उघडे गुडघे. “ये मिस्टर हन्नाबी?”

आमचे हे तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्यांच्या पायावर पाय दिला. पाच लुगडी, भांडी आणि नारळ यांच्यासकट. ह्यांच्या तोंडून आवाज निघाला तो बऱ्यापैकी ‘हो’सारखा होता. ह्यांच्या कीर्तीला तेवढंच मी आजवर बोट लावलं.

काशिराम मोठा गोड माणूस. विमानात बसल्यावर एकदाच म्हणाला, “गुनीला सांगला नाय मी.” मग खिडकीला नाक लावलं ते जामनगरपर्यंत काढलं नाही. “वल्ही नाय, शीड नाय, तरी चालतंय बग!” मधे आम्ही इतके खाली आलो, की एक घार शेजारून उडताना माझ्याकडे दोनदा वळून बघत होती. विमानातली ती छान पोरगी आली आणि वाकून म्हणाली, “मिस्टर हन्नाबी, कॉफी?” यानं घेतली. परत आली, परत घेतली. पुढच्या रांगेतला कच्छी शेठ केव्हापासून मागे बघत होता. नाव कर्ण्यात इतक्यांदा ऐकलेलं, आणि हजान आपले याच्या शेजारी बसून पुटपुटत प्रार्थना म्हणतायत, डोळे मिटून. शेठला वाटलं, कुणी मोठा अवलिया असणार. उठून याच्या पाया पडला. काशिरामनं क्षणभर विचार केला, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “जाली भरून येऊ दे तुजी.” शेठचा सुपारीचा धंदा होता. पण तो रडला.

“जागेवर बसा, मिस्टर हन्नाबी.” “पट्टा बांधा, मिस्टर हन्नाबी.” “ही खुर्ची तुमची, मिस्टर हन्नाबी.” दिवसभर त्याच्या कानावर हेच. भुजपासून पुढे खटाऱ्यात बसून रात्रीच्या आत कांडल्याला पोचलो. तमार मला बघून रडली, मी तिला बघून रडले, मग एकेक लुगडं सोडायला लागले, तर जावई बिचारा दचकून बाहेर पळाला.

गुरुवार उजाडला. एझराच्या दोन खोल्यांच्या घरात बंदरावरची माणसं दाटीवाटीनं उभी. आमच्या रीतीप्रमाणे एलियाहूची खुर्ची मांडलेली. एझरानं साहेबाच्या बंगल्यावरून नक्षीची खुर्ची आणली होती, तिच्यावर तमारच्या लग्नाचा शालू, वर सब्जाची डहाळी. त्या खुर्चीवर कुणीही बसत नाही. मूल क्षणभर तिच्यावर ठेवायचं, नबीचा आशीर्वाद घ्यायचा, मग आजोबांच्या मांडीवर. माझ्या जन्मात त्या खुर्चीवर मी माशीसुद्धा बसलेली पाहिली नव्हती.

काशिरामचा पाय खटाऱ्यानं अवघडला होता. तो आत आला, सगळीकडे बघितलं. सगळं भरलेलं, एक खुर्ची तेवढी रिकामी. हजान आपली हत्यारं उकळत होते, पाठ वळवून. यानं विचारलं, “हजानबाबा, ही खुर्ची कुनाची?”

हजान न वळता म्हणाले, “एलियाहू हन्नाबीची.”

“मंजे माजीच,” काशिराम म्हणाला. सब्जाची डहाळी उचलून कानावर खोचली आणि ऐसपैस बसला.

आतून तमारनं “आई गं!” म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलं. आमचे हे भिंतीला टेकले. एझरा काशिरामकडे धावला आणि मधेच थांबला, कारण साहेबाच्या खुर्चीतून पाहुण्याला ओढायचं कसं? एवढं आकाशातून येऊन, दिवस साधून, सगळं होत्याचं नव्हतं होणार, आणि जन्मभर म्हणणार कोण? बेलावन्सं. “शुलामिथनं नबीच्या खुर्चीवर मासेवाला बसवला!” बाळही एवढ्यात गळा काढून रडायला लागलं, काळंनिळं झालं.

हजान वळले. हातात सुरी. काशिरामकडे बघितलं.

“मनासे,” ते म्हणाले, “तिकीट कुणाच्या नावाचं होतं?”

“त्यांच्या,” हे पुटपुटले.

“हाका कुणाला मारल्या?”

“त्यांना.”

“आणि आलं कोण?”

ह्यांनी काशिरामकडे बोट दाखवलं.

“मग मी कोण उठवणारा? आपण त्याला कुठल्या रूपात बोलवायचं हे कधी ठरवलं होतं का? बाळ आण, शुलामिथबाई.”

मी बाळ आणलं, काशिरामच्या मांडीवर ठेवलं. त्यानं रोज जाळं धरणाऱ्या हातांनी ते असं उचललं, की जणू पाण्यातून चंद्र काढलाय. बाळानं त्याच्या दाढीत मूठ घातली आणि गप्प! पुढचं सगळं होईपर्यंत हूं की चूं नाही. साधं रडलंसुद्धा नाही. पटत नसेल तर विचारा त्याला, इथेच बसलाय, नाव त्याचं एलियाहू, आणि बिस्किटं चोरतोय.

परतीला सवलत नव्हती, म्हणून आगबोटीनं आलो. पनवेलला दारात बेलावन्सं उभ्या. पाणी नाही, भाकर नाही, आधी ह्यांना विचारलं, “काय रे मनासे, आला होता का तुझा चौथा?”

ह्यांना खोटं बोलता येत नाही. म्हणाले, “आला होता.”

“म्हणजे? दिसला?”

“दिसला. बाळाला मांडीवर घेतलं.”

“आणि दोनदा कॉफी घेतली,” मी म्हटलं.

वन्सं उंबऱ्यावरच बसल्या. त्या दिवसापासून माझ्याशी अदबीनं बोलतात, आणि मीही काही जास्त सांगत नाही.

पण ते सुख निर्धास्त भोगलं ते एका सकाळपुरतंच. दुपारी गुणाबाई आली. पाटी दाणकन ओट्यावर. नवरा सांजेला येतो म्हणून गेला तो अंगात साहेबाचा कोट घालून आठवड्यानं उगवला, आणि घरात बोलायला लागला की मी देव होतो! मला वाटलं, आज ही कोयतीनं माझाच रावस करणार. मी तिला सगळं सांगितलं, बसवून, पहिल्यापासून. ती ऐकत राहिली, तोंडावर हात ठेवून. मग उठली, पदर झटकला, पाटीतलं पापलेट काढलं आणि नेहमीच्या दुप्पट भाव सांगितला.

“अगं गुणाबाई, जरा कमी कर की!”

“नबीच्या बायकोशी घासाघीस करतंस?” ती म्हणाली. “लाज नाय वाटत?”

तेव्हापासून आजतागायत तिनं मला एक आणा सोडलेला नाही.